हात लपवणारे तीन चित्रकार

(चित्रकला-शिक्षक असलेल्या कै. सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सरांनी हयातभर शाळेत चित्रकला शिकवली. आपल्याकडे शाळेत चित्रकला शिकवणं म्हणजे मुख्यतः एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी करून घेणं. इथे बसलेल्या निम्म्या मंडळींनी त्या परीक्षा दिल्या असतील. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, भूमिती. त्यातलं स्मरणचित्र मोठं गमतीचं. विषय ठरलेले : बसथांबा, भाजीबाजार, गणपतीची मिरवणूक. मग क्लासमध्ये चार-पाच माणसं घोटून घेतली जातात. छत्रीवाली बाई, टोपीवाला म्हातारा, पाठमोरा मुलगा. विषय कुठलाही येवो, हीच मंडळी जागा बदलून उभी राहतात. सर ती खोडायला लावत आणि विचारत, ‘तुझ्या थांब्यावर कोण उभं असतं?’ याने गुण वाढत नसत. खोडण्यात वेळ जाई, आणि पालक कुरकुरत ते वेगळंच. पण आज मला जे बोलायचं आहे ते त्याच प्रश्नाच्या आसपासचं आहे.

मी कलाशाळेत शिकवतो तेव्हा मुलं एक गोष्ट हमखास विचारतात : माझी शैली मला कधी सापडणार? पूर्वी हा प्रश्न पदविका झाल्यावर, दोन-चार प्रदर्शनं झाल्यावर पडायचा. आता दुसऱ्या वर्षालाच पडतो. त्यात मुलांचा दोष नाही. गॅलरीवाल्यांना एका भिंतीवर एकसारखी दिसणारी बारा चित्रं हवी असतात आणि मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याएवढं चित्र ओळखू यावं लागतं. मग मुलं काय करतात? हाताची एखादी लकब धरून ठेवतात. कुणी जाड रंगाचे फटकारे मारतो, कुणी सुरीने रंग ओरबाडतो, कुणी सगळ्या चेहऱ्यांच्या माना लांब करतो. स्वतःचा आवाज म्हणजे हाताची सही, असं आपण सगळ्यांनीच कुठेतरी मनात धरलेलं असतं.

ही समजूत थोडी हलवावी म्हणून मी आज तीन चित्रकार घेऊन आलो आहे. तिघेही मुंबईच्या कलाविश्वातले, साधारण एकाच काळात घडलेले, आणि तिघांनीही आपापल्या रीतीने हाताची सही पुसून टाकली. प्रभाकर बरवे, नसरीन मोहमदी आणि वासुदेव गायतोंडे. एकाने एनॅमल रंग घेतला, एकीने रूलिंग पेन घेतलं, एकाने रोलर. तिन्ही साधनं अशी की कुंचल्याचा फटकारा दिसूच नये. आणि तरी तिघांपैकी कुणाचंही चित्र दालनाच्या दुसऱ्या टोकावरून ओळखू येतं. हात दिसत नसताना ओळखू कसं येतं, हा माझा आजचा प्रश्न.

बरव्यांपासून सुरुवात करतो. जन्म १९३६चा, अलिबागजवळच्या नागावचा. घरात कला होती; सासवण्याचे शिल्पकार करमरकर त्यांच्या नात्यातले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९५९ साली बाहेर पडल्यावर ते विणकर सेवा केंद्रात लागले. हातमागाच्या कापडासाठी नक्षी तयार करणं हे त्या सरकारी केंद्राचं काम, आणि त्या काळात कितीतरी चित्रकारांचं पोट त्या नोकरीवर चाललं. १९६१ ते १९६५ बरवे वाराणसीच्या केंद्रात होते. तिथे तंत्रमार्गातल्या आकृतींशी त्यांची गाठ पडली आणि साठच्या दशकातल्या त्यांच्या चित्रांत त्रिकोण, वर्तुळं, यंत्रं, कवड्यांसारखे आकार दिसू लागले. त्या काळात ‘भारतीय आधुनिक चित्र’ म्हटलं की हे चालण्यासारखंही होतं. थांबले असते तर नाव झालंच असतं.

ते थांबले नाहीत. हळूहळू तंत्रातले आकार मागे पडले आणि त्यांच्या जागी आलं ते अगदीच किरकोळ सामान. एक पान. एक घड्याळ. किल्ली, फळ, ढग, शिंपला. तांत्रिक त्रिकोणाला हजार वर्षांचा तयार अर्थ होता, तो चित्रकाराला आयता मिळतो. किल्लीला असा अर्थ नाही. तिच्याशी ओळख आपली आपल्यालाच करून घ्यावी लागते.

आता एनॅमलविषयी. दारं-खिडक्या रंगवायचा हा रंग. डबा काही दिवस पडून राहिला की वर साय धरते, ती काढून खालचा रंग ढवळायचा. कुंचल्याने लावला की तो स्वतःच पसरतो, सपाट होतो, कुंचल्याचे दात बुजवून टाकतो. ज्याला आपला फटकारा दाखवायचा आहे त्याच्या दृष्टीने हा रंग म्हणजे वैताग. वाळायला वेळ घेतो, तोवर धूळ बसते, पावसाळ्यात तर विचारूच नका. कॅनव्हास आडवा ठेवला तर रंग एका जागी साचतो, उभा ठेवला तर ओघळतो. बरव्यांनी हाच रंग वर्षानुवर्षं वापरला. त्यात त्यांचं पान आणि घड्याळ अशी उमटतात की ती कुणी काढली आहेत असं वाटत नाही. ती तिथे येऊन टेकली आहेत असं वाटतं. सावली पडलेली असते, पण ती बऱ्याचदा त्या वस्तूची वाटत नाही. आणि दोन वस्तूंच्या मध्ये जागा असते. पुष्कळ जागा.

बरवे ओळखू येतात ते या मधल्या जागेवरून, असं माझं मत आहे. पान आणि घड्याळ यांच्यात किती अंतर ठेवायचं हे कुठल्याही नियमात बसत नाही. थोडं जवळ आणलं तर ती एकमेकांविषयी काहीतरी बोलू लागतील, गोष्ट तयार होईल. थोडं लांब नेलं तर संबंधच तुटेल. बरवे त्या दोहोंच्या मधली अचूक जागा पकडतात. नक्षीकामाच्या नोकरीचा यात हात असावा, हा माझा तर्क. कापडावर एकच बुट्टी शंभरदा येते, आणि ती आणि तिची शेजारीण यांच्यातल्या अंतरावर सगळं कापड उभं राहतं किंवा पडतं. रोज तेच अंतर डोळ्यांत तोलणाऱ्या माणसाला ते घरी आल्यावर सुटत नसणार. आपण म्हणतो, नोकरीने कलावंत मारला. कधीकधी नोकरीनेच त्याला त्याचा विषय हातात दिलेला असतो.

बरव्यांनी वह्या ठेवल्या. त्यात चित्रांची टिपणं, लहान रेखाटनं, स्वतःशी चाललेले वाद. त्या विचारातूनच पुढे १९९० साली ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आलं. चित्र कसं घडतं यावर एका चित्रकाराने मराठीत, मराठीतच विचार करून लिहिलेलं पुस्तक. कलाशाळेतल्या मुलांना मी ते वाचायला सांगतो तेव्हा ती विचारतात, यात टेक्निक आहे का? नाही. बघणं आहे. १९९५ साली, साठी गाठण्याआधीच, बरवे गेले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं पुनरावलोकन झालं, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. उद्घाटनाच्या भाषणावरून गोंधळ झाला आणि त्याचीच चर्चा वर्तमानपत्रांत जास्त झाली, हे आपलं दुर्दैव.

नागावपासून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की अलिबाग ओलांडून किहीम लागतं. तिथे १९९० साली नसरीन मोहमदी गेल्या. जन्म कराचीचा, १९३७चा, वाढल्या मुंबईत, शिक्षण लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये, वडिलांचा व्यवसाय बहारीनला असल्याने वाळवंट ओळखीचं. १९७२पासून बडोद्याच्या ललित कला विभागात शिकवत होत्या. मुंबईत असताना वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता आणि तिथेच गायतोंडे काम करत. गायतोंड्यांकडून त्यांनी घेतलं, भरपूर घेतलं. सुरुवातीच्या शाईच्या आणि जलरंगाच्या चित्रांत ते दिसतं : पाण्यात विरघळणारे आकार, दूरची झाडं, धुक्यासारखे डाग.

मग सत्तरच्या दशकात सगळे डाग गेले आणि सरळ रेषा आली. पेन्सिलीची, शाईची, ड्रॉइंग टेबलावर साधनांनी ओढलेली. माझ्या पिढीने कमर्शियल आर्टच्या वर्गात रूलिंग पेन हाताळलं आहे; नव्या मुलांना ते संग्रहालयातच दिसेल. दोन पोलादी पाती, मध्ये फट, फट कमीजास्त करायला एक स्क्रू. ड्रॉपरने त्या फटीत शाई भरायची. जास्त झाली की पहिल्याच टेकीला थेंब सांडतो, कमी झाली की रेषा मध्येच सुकते. पट्टीला अगदी चिकटवून धरलं तर शाई पट्टीखाली शिरते. एक लांब रेषा ओढायची तर श्वास धरून एका दमात. चुकली की कागद गेला. अशा शेकडो रेषा एकमेकींपासून केसभर अंतराने, काही जाड, काही इतक्या फिक्या की तिरक्या प्रकाशातच दिसाव्यात. बहुतेक चित्रांना नाव नाही, पुष्कळदा तारीखही नाही.

या चित्रांसमोर आपल्याकडचा प्रेक्षक थोडा गोंधळतो. यात भावना कुठे आहे, असं विचारतो. मग कुणीतरी त्याला चरित्र सांगतं. नसरीनना मज्जासंस्थेचा आजार होता, शेवटच्या वर्षांत शरीराच्या हालचालींवरचा ताबा सुटत चालला होता, आणि तरीही रेषा मात्र अधिकाधिक अचूक होत गेली. हे खरं आहे, आणि ऐकून कुणाच्याही पोटात कालवतं. पण अशा रीतीने चित्रात भावना ओतणं मला पटत नाही. आजार बळावण्याच्या आधीपासून त्यांनी ही साधनं हाती घेतली होती. आणि ज्याला हे चरित्र ठाऊक नाही तोही त्या रेषांसमोर थबकतो.

मला उत्तर मिळालं ते त्यांच्या छायाचित्रांत. हयातीत त्यांनी ती कधी प्रदर्शनात मांडली नाहीत. मागावर ताणलेला ताणा, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, फत्तेपूर सिक्रीची फरसबंदी, ओहोटीनंतरची वाळू. विणकराच्या मागावर हजार धागे ताणलेले असतात आणि एकही सैल चालत नाही. त्या ताणाकडे या बाई तासन् तास पाहत असणार. रेषा त्यांना तिथून मिळाली. त्या ताण्याची आकृती त्यांनी काढली नाही, त्यातला ताण तेवढा कागदावर आणला. डायरी लिहीत, आणि लिहून झाल्यावर त्या पानांवर पट्टे-चौकोन भरून कित्येक ओळी झाकून टाकत. शब्दांत सांगितलेलं दुःख त्यांना स्वतःलाच पुरेसं वाटत नसावं.

गायतोंड्यांबद्दल मी कमी बोलणार आहे. त्यांच्यावर हल्ली इतकं बोललं जातं की माणूस झाकला जातो. १९२४ साली नागपूरला जन्म, मूळ घराणं गोव्याचं, गिरगावात वाढ, १९४८ साली जे. जे.ची पदविका. सुरुवातीला लघुचित्रांच्या वळणाच्या आकृती, मग पॉल क्लेचा मोठा प्रभाव, मग आकृतीही गेली आणि क्लेही गेला. रोलर आणि सुरी आली. रंगाचे पातळ थर एकावर एक, कधी कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, म्हणजे रंग कागदाबरोबर निघून येतो आणि खालचा थर उघडा पडतो. चित्राला ‘अमूर्त’ म्हटलेलं त्यांना आवडत नसे. वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास करत. बाकीचा वेळ बसून राहणं. १९८४च्या अपघाताने मोठे कॅनव्हास काही वर्षं बंद पडले तेव्हा कागदावर शाईने लहान चित्रं केली, आणि ती पाहिली तर लक्षात येतं की रोलर नसतानाही ते गायतोंडेच आहेत.

डिसेंबर २०१३मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र तेवीस कोटींच्या वर गेलं. त्यानंतर आमच्याकडच्या प्रदर्शनांत रोलरचा सुळसुळाट झाला. उभा कॅनव्हास, एकच रंग, मध्ये अंधूक काहीतरी तरंगतंय. रोलर सगळ्यांना सापडला. बसून राहणं कुणी उचललं नाही. ते विकत मिळत नाही, आणि फोटोतही येत नाही.

तर, हात लपवल्यावर काय उरलं? बरव्यांचं दोन वस्तूंमधलं अंतर. नसरीनचा ताण. गायतोंड्यांची थांबण्याची रीत. ही तिन्ही चित्रकाराची बाहेरच्या कशाशी तरी जडलेली नाती आहेत. आपण नेहमीच्या बोलण्यातही बघा, आवाज आपला एकच असतो असं आपण मानतो, पण आईशी बोलताना, साहेबांशी बोलताना आणि रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना तो तीन तऱ्हांनी निघतो. समोर कोण आहे यावर आवाज ठरतो. चित्रकाराच्या समोर कुणीच नसेल, फक्त आरसा असेल, तर त्याचा आवाज लागणार तरी कसा? म्हणून मुलांनी शैलीबद्दल विचारलं की मी उलट विचारतो : तुझं कशाशी जमतं? कशाकडे तू उगीचच, कामाशिवाय, परत परत बघतोस? सरांचा बसथांब्याचा प्रश्न तो हाच.

इथे एक घोटाळा होतो, तोही सांगून टाकतो. भावनिक नातं म्हटलं की लोक भावुक विषय निवडतात. वारी. आई आणि मूल. पावसातलं कोकणातलं घर. विठ्ठलाच्या नावाने पिवळा उजेड, टाळ, पताका, सुरकुतलेला चेहरा, डोळे मिटलेले. वारीवर माझा काडीचाही राग नाही. पण तो सुरकुतलेला चेहरा म्हणजे पुन्हा स्मरणचित्रातला टोपीवाला म्हाताराच असतो, फक्त कपाळाला बुक्का लावलेला. चित्रकाराचं नातं त्या माणसाशी आहे की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतल्या पाण्याशी, हे दोन मिनिटांत कळतं. बरव्यांच्या किल्लीसमोर कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. पण घरी गेल्यावर आपली किल्ली खुंटीला लावताना हात क्षणभर थांबतो.

दुसरी भीती मुलांना असते ती नकलेची. कुणाचा प्रभाव पडला तर माझं काय राहणार? मला वाटतं, प्रभाव पुरता पडू द्यावा. अर्धवट नक्कल वाईट. पुरी नक्कल कधीच पुरी होत नाही, आणि ती जिथे तुटते तिथे तुम्ही उभे असता. व्हॅन गॉगने सँ-रेमीच्या रुग्णालयात १८८९-९०च्या सुमारास फ्रेंच चित्रकार मिलेच्या चित्रांवरून वीसेक चित्रं केली. समोर होत्या त्या मिलेच्या काळ्या-पांढऱ्या छापील प्रती. रंग त्यात नव्हताच, तो स्वतःकडूनच आणावा लागला. भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने या कामाची तुलना दुसऱ्याची रचना वाजवणाऱ्या वादकाशी केली आहे. आपल्याकडे हे समजावून सांगायची गरज नाही. लहानपणी कुमार गंधर्व मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब म्हणून दाखवत आणि लोक तोंडात बोटं घालत. त्या नकलांमधून ते पुढे कुठे पोचले हे या सभागृहाला माहीत आहे. घराण्याच्या गाण्यात आधी गुरूचा गळा घ्यायचा असतो, ही गोष्ट आपण गाण्यात सहज मान्य करतो आणि चित्रात मात्र पहिल्या दिवसापासून स्वयंभू व्हायला बघतो. नसरीन आधी गायतोंडे व्हायला गेल्या होत्या. झाल्या नाहीत, म्हणून नसरीन झाल्या.

आणि आवाज लागला की सुटलो असंही नाही. सय्यद हैदर रझांचं उदाहरण घ्या. मंडल्याच्या जंगलातलं बालपण, नागपूर आणि मुंबईत शिक्षण, १९५०पासून पॅरिस. तिथे निसर्गचित्रांनी नाव मिळालं, १९५६ साली समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. पण आतून काहीतरी खुपत होतं, आणि पन्नाशी ओलांडल्यावर तो काळा बिंदू आला. लहानपणी मन एका जागी टिकावं म्हणून शिक्षकांनी भिंतीवर काढून दिलेला बिंदू. ‘माँ’ किंवा ‘सौराष्ट्र’सारखी ऐंशीच्या दशकातल्या सुरुवातीची चित्रं बघा. त्यांत बिंदूभोवती रंग अजून जंगलासारखा माजलेला आहे, मातीचा वास आहे, रंगाच्या कडा रंगालाच खातात. पुढच्या वर्षांत बिंदू स्वच्छ होत गेला, भूमितीत बसला, आणि मग जिथे तिथे दिसू लागला. थोर चित्रकार, शंका नाही. पण शेवटच्या काळातल्या कित्येक कॅनव्हासांत मला बिंदू दिसतो, मंडला दिसत नाही. नातं सैल झालं आणि खूण तेवढी उरली. बाजाराला खूण पुरते, कारण बाजाराला ओळखायचं असतं.

माझ्या या सगळ्या मांडणीवर एक आक्षेप उघड आहे आणि तो तुमच्यातल्या कुणाच्या तरी ओठांवर असणार. हात लपवणाऱ्या तिघांना निवडलं की सिद्धांत छान जमतो. मग चित्रकार आरा यांचं काय? त्यांच्या फुलदाण्यांत तर हातच हात आहे. घाईने मारलेला, अंगठ्याने दाबल्यासारखा, आणि तरी त्या फुलांशी त्यांचं काय होतं हे एका नजरेत कळतं. हुसेन यांच्या रेषेतून हात काढून टाकला तर उरतं काय? याचं माझ्याकडचं उत्तर अर्धंमुर्धं आहे : तिथेही हात नात्याच्या मागून आला, असं मला वाटतं. पण ते आरांच्या एखाद्या चित्रासमोर उभं राहून दाखवायला हवं, आणि आज माझ्याकडे पडदा आहे तो असा की त्यावर लाल रंग तपकिरी दिसतो. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे. पहिला प्रश्न आरांवरच आला तर मला आवडेल.